उपरोधिक कादंबरी, लघुप्रकाशक आणि आंतरजालावरील प्रसिद्धी : वक्रोक्तिविचाराच्या अंगाने

बीजशब्द : उपरोध, विडंबन, प्रबंधवक्रता, लघुप्रकाशक, मलपृष्ठ, आंतरजाल, अभिवाचन

प्रस्तावना

एका रविवारी सकाळी द्वितीय वर्ष कला वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र आले. फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर एका नव्या मराठी कादंबरीतील दोन ओळी, खाली लेखकाचे नाव आणि कोपऱ्यात प्रकाशनाचे बोधचिन्ह. शिक्षणाने माणूस नम्र होतो, अशा आशयाच्या त्या ओळी होत्या. पाच-सहा विद्यार्थ्यांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली. एकाने वर 'सुविचार' असे लिहून चित्र पुढे पाठविले. योगायोगाने ती कादंबरी प्रस्तुत लेखिकेने नुकतीच वाचली होती. कादंबरी उपरोधिक आहे. त्या ओळी एका ढोंगी संस्थाचालकाच्या भाषणातील आहेत आणि ज्या शिपायाचे वेतन त्याने अडवून ठेवले आहे, तोच शिपाई त्या सभेत त्याला पाण्याचा पेला आणून देतो. कादंबरीत वाचताना हसू येते आणि पाठोपाठ रागही येतो. चित्रात मात्र त्या ओळी सरळ, सात्त्विक आणि निर्विष झाल्या होत्या.

कादंबरीचे आणि प्रकाशकाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. प्रकाशनसंस्था लहान आहे, निष्ठेने पुस्तके काढते, आणि तिने जे केले ते आज मराठीतील बहुतेक लहान प्रकाशक करतात. परंतु या छोट्या प्रसंगाने एक प्रश्न उभा केला. आंतरजालावर पुस्तकाची प्रसिद्धी मुख्यतः तुकड्यांनी होते : दोन ओळी, एक मुखपृष्ठ, अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. उपरोधिक कादंबरीचा प्राण मात्र तुकड्यात नसून रचनेत असतो. मग जी प्रसिद्धी अशा कादंबरीला वाचक मिळवून देते, तीच तिचे वाचन आधीच बिघडवून ठेवते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. 'उपरोध' ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने, उपहास आणि विडंबन यांना सामावून घेणारी म्हणून वापरली आहे.

लघुप्रकाशकाची अडचण

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लहान प्रकाशकाने आंतरजालाकडे वळावे यात हौस कमी आणि निरुपाय अधिक आहे. हजार प्रतींची आवृत्ती ही मराठी ललित पुस्तकाची एके काळची रूढ मोजणी. आता अनेकदा त्याहून कमी प्रती छापल्या जातात. विक्रेत्याला द्यावयाच्या कमिशनचा वाटा मोठा, उधारी दीर्घ मुदतीची आणि तालुक्याच्या गावी पुस्तकाचे स्वतंत्र दुकान दुर्मीळ. मावळ तालुक्यापुरते बोलायचे तर आंबीच्या औद्योगिक वसाहतीत आज देशोदेशींचे सुटे भाग तयार होतात. पण नवी मराठी कादंबरी हातात घेऊन चाळावयाची असेल तर येथील वाचकाला पुण्याची वाट धरावी लागते. अशा वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी फेसबुकवरील एक चित्र, खाली एक भ्रमणध्वनी क्रमांक आणि यूपीआयद्वारे पैसे पाठविण्याची सोय, एवढ्या सामग्रीवर आज एखादी संस्था चालू शकते. कमिशन वाचते आणि वाचकाचा पत्ता थेट प्रकाशकाच्या वहीत नोंदला जातो.

ही पद्धत वाटते तेवढी नवी नाही. आगाऊ वर्गणीदार मिळवून ग्रंथ छापणे ही एकोणिसाव्या शतकातील परिचित रीत होती. 'ग्रंथाली'ने 1970च्या दशकात वाचक चळवळ म्हणून कामाला आरंभ केला, तेव्हा सभासदांकडून आधी पैसे घेऊन त्यांना कमी किमतीत पुस्तके देण्याची योजना हाच तिचा आर्थिक कणा होता. आजची 'प्रकाशनपूर्व सवलत' त्याच वंशातली. फरक आहे तो सभासदाने काय पाहून पैसे दिले यात. ग्रंथालीचा सभासद संस्थेवर विश्वास ठेवून, पुढे कोणते पुस्तक येईल हे पुरते ठाऊक नसतानाही वर्गणी भरत असे. आजचा ग्राहक एकेका पुस्तकाचे चित्र पाहून ठरवितो. म्हणून प्रत्येक पुस्तकाला स्वतःची जाहिरात स्वतः करावी लागते.

टपालाचा विषयही येथे गौण नाही. 2024च्या डिसेंबरात नोंदणीकृत बुकपोस्टाची सेवा बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांच्या हिशेबात एकदम खड्डा पडला. पुढे 1 मे 2025 पासून डाक विभागाने 'ज्ञान पोस्ट' सुरू केले आणि 300 ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये असे दर ठेवले. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. समाज, संस्कृती, शिक्षण आणि धर्म या चारही गोष्टींची टर उडविणारी कादंबरी यांतील कोणत्या खान्यात बसवावी, हा प्रश्न टपाल कचेरीत कोणी विचारीत नाही हे सुदैव.

'खुसखुशीत' या शब्दाविषयी

पुस्तकाची आंतरजालावरील ओळख बहुधा मलपृष्ठावरील मजकुराने होते. यामागे एक तांत्रिक कारण आहे. मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी दीर्घकाळ श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींतील जुन्या टंकांत झाली. या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो शोधयंत्राला वाचता येत नाही आणि आंतरजालावर जसाच्या तसा ठेवला तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. परिणामी प्रकाशकाकडे संपूर्ण कादंबरी संगणकात असूनही तिचे एक प्रकरण वाचकांसमोर ठेवावयाचे झाल्यास ते पुन्हा टंकलिखित करावे लागे, किंवा रूपांतर करून ओळ न् ओळ तपासावी लागे. मग सोपा मार्ग उरतो तो पानाचे छायाचित्र टाकण्याचा, किंवा मलपृष्ठाचा दीडशे शब्दांचा मजकूर नव्याने टंकित करण्याचा. हाच मजकूर प्रकाशकाच्या पानावर, विक्रीच्या संकेतस्थळांवर आणि पुढे परिचयवजा परीक्षणांतही फिरत राहतो. थोडक्यात, आंतरजालाला एखादी मराठी कादंबरी जेवढी ठाऊक असते ती बहुधा मलपृष्ठाएवढीच. अलीकडे युनिकोडमध्ये जुळणी करण्याकडे कल वाढला आहे. पण आधीच्या दोन-तीन दशकांतील बरीचशी पुस्तके या दृष्टीने मुकीच आहेत.

या मलपृष्ठांची भाषा पाहण्यासारखी असते. उपरोधिक कादंबरी असेल तर 'खुसखुशीत', 'खुमासदार', 'मिश्कील', 'तिरकस' ही विशेषणे ठरलेली. शेवटी 'हसता हसता अंतर्मुख करणारी' हे पालुपद. यातील पहिली दोन विशेषणे मूळची स्वयंपाकघरातली. करंजी खुसखुशीत असते, चिवडा खुमासदार असतो. उपरोधाचे काम दाताखाली खडा लागण्याचे आहे. तो खुसखुशीत झाला तर त्याने आपले काम सोडले असे समजावे. परंतु विक्रीच्या संकेतस्थळांवरील वर्गवारीत 'विनोदी' हा रकाना असतो, 'उपरोधिक' हा नसतो. प्रकाशकाला पुस्तक कोठेतरी ठेवावेच लागते. एकदा ते विनोदी कथासंग्रहांच्या शेजारी बसले की वाचक त्याच अपेक्षेने ते उघडतो, तिसऱ्या प्रकरणात हसू थांबते, आणि 'अपेक्षाभंग झाला' असा अभिप्राय नोंदविला जातो. या अभिप्रायात वाचकाचा दोष नाही. त्याला जे सांगण्यात आले होते ते त्याला मिळाले नाही.

वाक्यवक्रता आणि प्रबंधवक्रता

कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित' या ग्रंथात वक्रतेचे सहा प्रकार कल्पिले. वर्णविन्यासापासून आरंभ करून तो पदाच्या पूर्वार्धाची व उत्तरार्धाची वक्रता, वाक्यवक्रता, प्रकरणवक्रता आणि अखेरीस प्रबंधवक्रता येथवर जातो. संस्कृत काव्यशास्त्रातील ही मांडणी आधुनिक कादंबरीला जशीच्या तशी लावणे धाडसाचे होईल. तथापि प्रस्तुत विषयात ती विलक्षण उपयोगी पडते. आंतरजालावरील उद्धरणचित्र फार तर वाक्यवक्रता वाहून नेऊ शकते. ज्या लेखकाची वक्रता वाक्यात आहे, त्याचे वाक्य सुटे काढले तरी हसविते आणि बोचतेही. उपरोधिक कादंबरीत मात्र वाक्य अनेकदा सरळ असते. वाकडी असते ती त्याची जागा.

मराठीतील उपरोधाची परंपरा या दृष्टीने तपासली तर असे दिसते की तिने आपला संदर्भ स्वतः उभा केला आणि त्यासाठी नियतकालिकांचा उपयोग केला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे विनोदी लेख 1902 पासून 'विविधज्ञानविस्तार'मधून येऊ लागले आणि पुढे 'सुदाम्याचे पोहे' या नावाने त्यांचा संग्रह झाला. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी लेखामागून लेखांत भेटत राहिली. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या लेखापर्यंत वाचकाला हे नेमके कळत असे की सुदामा जेव्हा एखाद्या रूढीचे गंभीरपणे समर्थन करतो, तेव्हा ती रूढी धोक्यात आहे. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाचेही तसेच. क्रमशः येण्याने वाचकाचा कान तयार होत असे. जाहिरात म्हणून पाहिले तर तीही प्रसिद्धीच होती. फरक एवढाच की तेथे मालाचा नमुना आणि माल यांची जात एक होती.

कादंबरीत हे काम एकाच पुस्तकाला करावे लागते. नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (1997) हे याचे उत्तम उदाहरण. अठराव्या शतकातील अंताजी खरे नावाचा चतुर, सावध आणि फारसा शूर नसलेला मनुष्य आपली हकीकत बखरीच्या भाषेत सांगतो. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या आणि 1757ची प्लासीची लढाई या घडामोडींच्या कडेकडेने तो वावरतो. या कादंबरीचे लक्ष्य अंताजी नव्हे. लक्ष्य आहे ती मराठी ऐतिहासिक कादंबरीची वीररसात भिजलेली सवय. ती सवय अंगी असलेला वाचक बखरीची भाषा ऐकताच मान ताठ करतो आणि पुढच्याच पानावर त्याला एक व्यवहारी, जीव वाचविणारा कारकून भेटतो. संपूर्ण पुस्तक मिळून एक विडंबन होते. सुटी ओळ मात्र खऱ्या बखरीसारखीच दिसते. अशी ओळ जुन्या कागदाच्या पार्श्वभूमीवर छापून, खाली लेखकाचे नाव बारीक अक्षरांत देऊन कोणी फिरविली तर काय होईल याची कल्पना करावी. इतिहासाच्या नावाखाली वाटेल ते पुढे पाठविणाऱ्या गटांत ती पुरावा म्हणून दाखल होण्यास वेळ लागणार नाही. विडंबन ज्याची थट्टा करते त्याच्याच सैन्यात भरती झालेले आपल्याला पाहावे लागेल.

खरे यांच्याच 'उद्या' या कादंबरीच्या बाबतीत निराळी गोष्ट घडली. नजीकच्या भविष्यात बाजार आणि तंत्रज्ञान यांनी माणसावर ठेवलेली पाळत हा या कादंबरीतील एक मुख्य धागा. पुण्याच्या मनोविकास प्रकाशनाने काढलेल्या या पुस्तकाला 2020चा साहित्य अकादमी पुरस्कार मार्च 2021 मध्ये जाहीर झाला आणि लेखकाने तो नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे, काही वर्षांपासून आपण पुरस्कार घेणे थांबविले आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्या काही दिवसांत 'उद्या' हे नाव जेवढ्या लोकांच्या दृष्टीस पडले तेवढे ते एरवी पडले नसते. पण लोकांनी पाहिली ती नकाराची बातमी. 'पुरस्कार नाकारणाऱ्या लेखकाची कादंबरी' अशी ओळख एकदा रूढ झाली की पुस्तकातील तिरकस नजर लेखकाच्या बाणेदारपणात विरघळून जाते आणि वाचक आदराने पुस्तक हातात घेतो. उपरोधाला आदरासारखा मारक पदार्थ नाही. शिवाय पाळतीविषयीची कादंबरी, वाचकाच्या प्रत्येक बोटाची नोंद ठेवणाऱ्या माध्यमांतूनच वाचकाकडे जावी, हा विरोधाभास खुद्द खरे यांना रुचला असता असे वाटते. 2022 मध्ये त्यांचे निधन झाले.

श्याम मनोहरांचे उदाहरण आणखी अवघड. 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव' (1983) असो की 'उत्सुकतेने मी झोपलो' (2006), त्यांची वाक्ये मुद्दाम सपाट असतात. मध्यमवर्गीय माणूस जे रोज बोलतो तेच ते लिहून ठेवतात आणि ते इतक्या वेळा, इतक्या निर्विकारपणे येते की वाचकाला आपल्याच बोलण्याची लाज वाटू लागते. या लेखनातून उद्धरणचित्र काढून दाखवावे! त्यांची पुस्तके 'पॉप्युलर'सारख्या जुन्या संस्थेने काढली आणि समीक्षकांनी त्यांची दखल घेतली, म्हणून ती टिकली. असाच लेखक आज प्रथमच लिहीत असेल आणि त्याचा प्रकाशक तीनशे प्रतींचा असेल, तर त्या प्रकाशकाने काय करावे? तो बहुधा लेखकाला म्हणेल की एखादे चटकदार वाक्य असते तर बरे झाले असते. आणि येथे खरा धोका आहे. प्रसिद्धीची रीत लेखनाच्या रीतीत शिरते. गेल्या काही वर्षांतील कित्येक तरुण लेखकांच्या कादंबऱ्या वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक सुटे काढता येईल असे वाक्य ठेवलेले आढळते. कादंबरी लिहीत असतानाच तिची जाहिरात लिहिली जात आहे.

तुकडा परक्या हाती

तुकडा निर्विष होणे हा एक धोका. तो विषारी ठरणे हा दुसरा. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा इतिहास कादंबरीचा नाही आणि आंतरजालाचाही नाही. पण लघुप्रकाशन, उपरोध आणि माध्यमांतर यांविषयी त्याहून बोलके उदाहरण मराठीत नाही. 1983 मध्ये अशोक शहाणे यांनी ती पोस्टर-कविता म्हणून काढली. लघुनियतकालिकांच्या वाचकाला तिची भाषा आणि तिचा रोख कळत होता. गांधींच्या नावाने चाललेल्या व्यवहारावर तो रोख आहे, हे त्याला सांगावे लागत नव्हते. 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, खाजगी वितरणासाठी असलेल्या पत्रिकेत हीच कविता छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. 'देविदास रामचंद्र तुळजापूरकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2015 रोजी निकाल दिला. ज्यांनी क्षमायाचना केली होती त्या प्रकाशकाला आणि मुद्रकाला न्यायालयाने मुक्त केले; कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले. कवितेतील अक्षरे 1983 आणि 1994 मध्ये तीच होती. बदलला तो कागद आणि तो हातात घेणारा वाचक.

आंतरजालावर हे माध्यमांतर दर मिनिटाला घडते. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर 2012 मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा त्यांच्या व्यंगचित्रांना आंतरजाल हेच प्रमुख व्यासपीठ होते. 2014 मध्ये फेसबुकने उपरोधिक बातम्यांपुढे तशी पाटी लावून पाहण्याचा प्रयोग केला, यावरून या माध्यमाच्या चालकांनाही अडचण जाणवली होती असे म्हणता येते. पण 'हा उपरोध आहे' अशी पाटी लावलेला उपरोध म्हणजे उत्तर आधी सांगून घातलेला उखाणा. लहान प्रकाशकाकडे वकील नसतो, कायदेशीर सल्ल्याची तरतूद नसते. कित्येकदा तो एकटाच संपादक, मुद्रितशोधक, पार्सल बांधणारा आणि टपालात टाकणारा असतो. म्हणून प्रसिद्धीसाठी उतारा निवडताना तो कादंबरीतील सर्वांत निरुपद्रवी उतारा निवडतो. राजकारण, जात, देवस्थान यांवरील प्रकरणे पुस्तकात राहतात आणि आंतरजालावर येतो तो सासू-सुनेचा किंवा गृहनिर्माण संस्थेच्या सभेचा प्रसंग. या सावधगिरीला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. प्रस्तुत लेखिकेला ते म्हणवत नाही. परंतु परिणाम असा होतो की ज्या वाचकासाठी ती कादंबरी लिहिली गेली त्याला ती आपल्यासाठी आहे हे कळतच नाही.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर 1965 नंतर आचार्य अत्रे यांनी हल्ला चढविला, तेव्हा निदान पुस्तकावर भांडण झाले. ज्यांनी निंदा केली आणि ज्यांनी बाजू घेतली त्यांच्यासमोर संपूर्ण पुस्तक होते. आज भांडण तुकड्यावर होते आणि पुस्तक विकलेही जात नाही.

वाचून दाखविणे

मग लहान प्रकाशकाने आंतरजाल सोडावे काय? असे सांगणे म्हणजे त्याला दुकान बंद करण्यास सांगणे होय. प्रश्न माध्यमाचा नाही, नमुन्याच्या लांबीचा आहे. आंबीहून इंद्रायणी ओलांडली की तळेगाव दाभाडे लागते. गो. नी. दांडेकर तेथे दीर्घकाळ राहिले. त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन त्यांच्या कन्या वीणा देव, जामात विजय देव आणि पुढच्या पिढीने अनेक दशके गावोगावी केले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही; समोर संहिता आणि आवाज. दांडेकरांची कादंबरी उपरोधिक नव्हे, हे उघड आहे. तरीही कादंबरीची प्रसिद्धी कादंबरीनेच करावयाची ही कल्पना तेथे पूर्णत्वास गेलेली दिसते. श्रोता दीड-दोन तास बसत असे आणि जे ऐकले ते कादंबरीच असे.

उपरोधाला तर आवाजाची गरज अधिक आहे. लिखित वाक्यात न दिसणारी वक्रता उच्चारात कळते. एखाद्या शब्दापूर्वीचा किंचित विराम, अतिनम्र सूर, नको तेथे दिलेला जोर. 2017 पासून स्टोरीटेलसारख्या मंचांवर मराठी श्राव्य पुस्तके मोठ्या प्रमाणात येऊ लागली, पण तेथे प्राधान्य रहस्य आणि आत्मविकास यांना मिळाले आणि लहान प्रकाशकाला ध्वनिमुद्रणाचा खर्च परवडत नाही. तथापि प्रसिद्धीसाठी संपूर्ण पुस्तक मुद्रित करण्याची आवश्यकता नाही. एक सलग प्रकरण, वीस-पंचवीस मिनिटांचे, लेखकाने स्वतः भ्रमणध्वनीवर वाचलेले, हे दहा उद्धरणचित्रांपेक्षा प्रामाणिक आहे. ते कमी लोक ऐकतील. तीनशे प्रतींच्या आवृत्तीला लाखभर प्रेक्षकांची गरजही नसते. तिला तीनशे वाचक हवे असतात, आणि ज्याने पंचवीस मिनिटे ऐकले त्याने पुस्तक मागविण्याची शक्यता ज्याने दोन सेकंदांत हात जोडले त्याच्याहून निश्चित अधिक.

उपरोल्लिखित चित्राच्या प्रसंगानंतर प्रस्तुत लेखिकेने त्याच वर्गात एक साधा प्रयत्न केला. कोणतीही प्रस्तावना न देता, लेखकाचे नाव न सांगता 'अंताजीची बखर'मधील काही पाने सलग वाचून दाखविली. पहिली दहा मिनिटे वर्ग गंभीर होता. बखरीची भाषा ऐकली की आपल्याकडे पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. नवलाख उंबऱ्याहून येणारी एक विद्यार्थिनी प्रथम हसली आणि हसल्याबद्दल ओशाळून तिने इकडेतिकडे पाहिले. मग मागच्या बाकावरून हसू आले. तास संपताना एका मुलाने विचारले, "मॅडम, हा अंताजी खरंच होऊन गेला का? म्हणजे, हसायचं की नाही?" उत्तर देण्याआधी घंटा झाली. पुढच्या तासाला चार जणांनी ग्रंथालयात पुस्तक मागितले आहे असे कळले. प्रत एकच होती. तिघे प्रतीक्षेत होते.